सासूबाईंच्या नावाचा पक्षी

पाहुणे गारुवे गावात येऊन पोचले, त्याच सकाळी ओटोचे डोळे मिटले. म्हणजे तसे नव्हेत. माणूस ठणठणीत होता. पण आदल्या दिवशी पपई पाडताना त्याची काठी गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागली होती आणि आता त्याचं तोंड उकडलेल्या कंदासारखं टम्म फुगलं होतं. डोळ्यांच्या जागी दोन फटी उरल्या होत्या आणि त्यांतून बाहेर दिवस आहे की रात्र एवढंच त्याला कळत होतं. पक्षी दाखवायला लोकांना रानात नेणं हाच ओटोचा उद्योग. न्यू ब्रिटन बेटावर त्याच्याइतकी तीक्ष्ण नजर कुणाची नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

"दाजी," तो चाचपडत पास्कालचा हात धरून म्हणाला, "आज तुम्ही न्या त्यांना."

पास्काल हा ओटोच्या बहिणीचा, अगाथाचा नवरा. मूळचा किनाऱ्यावरचा. आमच्याकडे जमीन बाईच्या नावाने चालते, त्यामुळे एकोणीस वर्षांपूर्वी तो लग्न करून आला तो सासरीच राहिला. कोकोची झाडं, एक डुक्कर आणि शक्यतो कुणाच्या अध्यात ना मध्यात, असा त्याचा संसार होता.

"मला पक्ष्यांतलं काय कळतंय, मेव्हणे?"

"दोनच गोष्टी दाखवायच्यात. एवढं जमवा. ती मॅरियनबाई केर्न्सहून आली आहे. तिला जागा पसंत पडली तर वर्षातून दोनदा चौदा-चौदा माणसं आणणार आहे. दोन वर्षं सगळं गाव पाहुण्यांची झोपडी बांधतंय, बायकांनी चटया विणून ठेवल्यात. ते सगळं आता तुमच्या हातात."

"दोन गोष्टी कुठल्या?"

"बाईला कोकोमो बघायचाय आणि तिच्या नवऱ्याला बेंबे."

पास्कालने झटकन मान खाली घातली आणि तो स्वतःच्या पायाच्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

कोकोमो म्हणजे धनेश आणि बेंबे म्हणजे फुलपाखरू. अडचण अशी, की पास्कालच्या सासूचं नाव कोकोमो आणि सासऱ्याचं नाव बेंबे. आमच्या गावात जावयाने सासूसासऱ्यांचं नाव उच्चारायचं नाही. ते नाव एखाद्या पक्ष्याचं असलं, तर त्या पक्ष्यालाही त्या नावाने हाक मारायची नाही. दुसऱ्या कुणी ते उच्चारलं, तर आदराने मान खाली घालायची आणि विषय बदलेपर्यंत वर करायची नाही. चुकून नाव तोंडातून गेलंच, तर दंड एक डुक्कर. पास्कालने आजवर दोन दिली होती. पहिलं, कोकोच्या बागेत डोक्यावरून धनेश उडाला तेव्हा दचकून ओरडला म्हणून. दुसरं, पुढच्या वर्षी तोच पक्षी दिसल्यावर हुशारी करून त्याचं इंग्रजी नाव घेतलं म्हणून. सासूने लगेच मिशनातल्या सिस्टरांकडून त्या शब्दाचा अर्थ विचारून आणला होता आणि "तेही माझंच नाव," असं जाहीर करून टाकलं होतं.

"मी त्यांना आधीच सांगून टाकतो," पास्काल म्हणाला.

"सांगा की. पण नीट सांगा. बाईला वाटायला नको, की वाटाड्याला पक्ष्याचं नावही येत नाही."

मॅरियनबाई साठीच्या, सडपातळ, गळ्यात दुर्बीण, हातात वही. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी पोर्ट मोर्सबीच्या शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे इथली बोली त्यांना चांगली येत होती. नवरा डेस निवृत्त सुतार. जाडजूड आणि शांत. त्यालाही बोली समजायची, फक्त डाव्या कानाने; उजव्याने त्याला ऐकूच येत नसे.

"बाई, आधी एक सांगायचंय," पास्काल म्हणाला. "तुम्हाला जो पक्षी बघायचाय ना, त्याचं नाव मी घेणार नाही. सासूबाईंमुळे."

"सासूबाईंना तो पक्षी आवडत नाही?"

"तसं नाही. सासूबाई आणि तो पक्षी... एकच."

मॅरियनबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "एकच म्हणजे? देवक वगैरे?"

"नावाने एकच."

"कुठल्या नावाने?"

"तेच तर घेता येत नाही."

"बरं," मॅरियनबाई समजूतदारपणे म्हणाल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाशी बोलायचा तो सूर होता. "आपण निघू या का?"

निघाले, तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. खुद्द सासूबाई पाठीवर जेवणाची पिशवी घेऊन तयार होऊन आल्या. पिशवीचा पट्टा कपाळाला, हातात छत्री. सासूने जावयाशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही अशीही आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे त्यांनी अंगणातल्या नारळाला सांगितलं, "माडा, त्या माणसाला सांग, पाहुण्यांचं जेवण मी आणते आहे. दहा पावलं मागून चालेन. माझा मुलगा आजारी आहे म्हणून गावाची अब्रू कुणाच्याही हातात सोडायची नाही."

माडाने काही सांगितलं नाही, पण पास्कालला पोचलं.

पहिला तास बरा गेला. पास्कालने खंड्या दाखवला, पोपट दाखवले, एक कबूतर दोनदा दाखवलं. मॅरियनबाई वहीत खुणा करत होत्या. मग ओढा ओलांडताना वरून जुन्या ट्रकसारखा भस्सभस्स आवाज आला. असा पंखांचा आवाज रानात एकाच पक्ष्याचा. पास्कालने वर पाहिलं. झाडांच्या शेंड्यांतून भलामोठा धनेश येऊन फांदीवर टेकला होता. पांढरी शेपटी, मोठी फिकट चोच, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"बाई! ते! ते बघा!"

"कुठे? काय आहे?"

"ते मोठं!"

"मोठं काय? कोकोमो?"

पास्कालची मान आपोआप खाली गेली. नजर पायाखालच्या चिखलात. मॅरियनबाईंनी ताबडतोब दुर्बीण चिखलाकडे वळवली. डेस गुडघ्यांवर बसला आणि झुडुपं बाजूला सारू लागला.

"जमिनीवर आहे?" मॅरियनबाई कुजबुजल्या. "कोकोमो जमिनीवर उतरतो?"

पास्कालची मान आणखी खाली गेली. हनुवटी छातीला टेकली. एक हात मात्र त्याने वर केला आणि बोट आभाळाकडे नाचवलं. मॅरियनबाईंना वाटलं, तो पाऊस येतोय म्हणून सांगतोय. त्यांनी वही पिशवीत घातली.

विषय बदलला असं मानून पास्कालने मान वर काढली. पक्षी अजून तिथेच होता. "वरती, बाई! नाकाकडे बघा! एवढं मोठं नाक दुसऱ्या कुणाचं आहे का या रानात?"

"नाक?"

"नाक म्हणजे तोंडच ते. आणि गळ्याखाली कातडं लोंबतंय, दिसलं? मादी आहे ती. येताना केवढा आवाज करते! ती आली की अख्ख्या गावाला कळतं. नवरा बिचारा मुकाट मागे मागे फिरतो."

दहा पावलांवर छत्री खाड्कन मिटली.

"वेला," सासूबाई एका वेलाला म्हणाल्या, "मोठं नाक कुणाचं म्हणाला तो?"

पास्काल घाईने त्याच वेलाकडे वळला. "वेला, त्यांना सांग, मी पक्ष्याबद्दल बोलत होतो."

"कुठल्या पक्ष्याबद्दल?"

आता या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एक डुक्कर. पास्काल गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याचा सासूबाईंनी हवा तो अर्थ काढला. "वेला, त्याला सांग, माझ्या गळ्याला काही लोंबत नाही. लोंबतच असेल, तर एकोणीस वर्षं असल्या जावयाला पोसून लोंबलं."

एवढ्या आवाजाने धनेश उडाला. मॅरियनबाईंनी दुर्बीण वर नेली, तेव्हा तिथे फक्त फांदी हलत होती.

"काय होतं ते?" त्यांनी विचारलं.

सासूची नजर पाठीत रुतत असताना पास्कालने शहाणपण केलं. "फार नाजूक होती, बाई. छोटंसं नाक. गोड, बारीक आवाज. ती कधी आली, कधी गेली ते कळतसुद्धा नाही."

मॅरियनबाईंनी पुस्तक चाळून वहीत लिहिलं: 'बहुधा सूर्यपक्षी. मादी.' मागून समाधानाचा एक हुंकार आला.

पुढे डेसची पाळी. मोकळ्या जागेत लाल फुलांचं झाड होतं. तिथे जवळजवळ पंजाएवढं हिरवंकाळं फुलपाखरू गेल्यासारखं त्याला वाटलं. "पास्काल," तो उजवा कान खाजवत म्हणाला, "ते बेंबे होतं का? तसलं मोठं?"

पास्कालची मान खाली. डेसनेही खाली पाहिलं, एक पाऊल टाकलं आणि गुडघाभर चिखलात गेला. त्याला बाहेर ओढताना त्याचा एक बूट रानालाच अर्पण झाला. डेस शांत माणूस होता. एका पायात मोजा घालून तो उभा राहिला आणि म्हणाला, "हे बघ, नाव राहू दे. तो कसा असतो, कुठे असतो, एवढंच मला सांग. मी शोधतो."

ही सूचना पास्कालला फार आवडली. मान वर ठेवून बोलता येणार होतं. नाकाचा तर यात कुठे संबंध नव्हता.

"ज्याचं नाव मी घेत नाही ना, तो," पास्काल सुरू झाला, "फार आळशी. सकाळी ऊन वर येईपर्यंत जागचा हलत नाही. मग एकदा निघाला, की या फुलावरून त्या फुलावर."

मागची पावलं थांबली.

"आणि मादी?" डेसने विचारलं.

"मादी त्याच्यापेक्षा मोठी. जाड, काळपट. तिला बघायला कोण येतंय? बघण्यासारखा तोच. पण तो तिच्याजवळ कुठे थांबतो!"

"मग मला कुठे सापडेल तो? उद्या सकाळी जाऊन बसतो."

"उद्या ना? खाली नदीकाठी जा. विधवा वेरोनिकाचं घर आहे, तिच्या दारात मोठी जास्वंद आहे. रोज सकाळी तिथे हमखास असतो. मी स्वतः पाहिलाय. तिच्या दारात घिरट्या घालतो आणि मग आत शिरतो."

बोलणं संपलं, तसं मागे काहीतरी धप्पकन आपटलं. तो छत्रीचा आवाज होता. पास्कालने वळून पाहिलं, तर सासूबाई पाठमोऱ्या झाल्या होत्या आणि उतारावरून गावाच्या दिशेने, अडुसष्ट वर्षांच्या बाईला न शोभणाऱ्या वेगाने चालल्या होत्या. जेवणाची पिशवी पाठीवरच होती.

"जेवण कुठे निघालं?" डेसने विचारलं.

पास्काल सगळं बोलणं मनात दोनदा बोलला. पहिल्यांदा फुलपाखरू समजून, मग सासरा समजून. दुसऱ्या वेळी तो अर्ध्यातच थांबला. घरात अगाथाशी बोलतानाही तो सासऱ्याला 'ज्यांचं नाव घेत नाही ते' असंच तर म्हणायचा.

"बाई, आपल्याला परत जायला हवं. आत्ताच. एक म्हातारा मरेल."

"कोण म्हातारा?"

"ज्याचं नाव मी घेत नाही तो."

"फुलपाखरू?" डेस म्हणाला.

ते गावात पोचले, तोवर चर्चसमोरच्या वडाखाली सगळं गाव जमलं होतं. मध्ये सासरेबुवा उकिडवे बसले होते आणि त्यांच्याभोवती सासूबाई छत्री घेऊन फिरत होत्या. ओटो चर्चच्या भिंतीला टेकून जिकडून मोठा आवाज येईल तिकडे तोंड वळवत होता. मध्येच तो विचारायचा, "आता काय करतेय? मारलं का?" अगाथा धावत नवऱ्याकडे आली.

"काय सांगितलंस तू आईला? बाबा वेरोनिकाच्या घरात घुसतात म्हणून? परक्या माणसांसमोर?"

"मी त्यांच्याबद्दल बोललोच नाही! ते दुसरं होतं, पंखवालं!"

"पंखवालं! तुला धड खोटंही..."

"बोल!" सासूबाई नवऱ्यावर गरजल्या. "जातोस की नाही तिच्याकडे? रोज सकाळी?"

पास्कालला वाटलं, म्हातारा आता नाही म्हणेल आणि सगळा घोटाळा निस्तरेल. पण म्हाताऱ्याने जमलेल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. "जातो."

गावाने श्वास रोखला. खुद्द पास्कालचं तोंड उघडंच राहिलं. आपण फुलपाखराबद्दल बोललो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आता त्याचाही स्वतःवर विश्वास बसेना.

"कशाला?" सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. सकाळी पास्कालने वर्णन केलं होतं अगदी तसा.

"गोळे खायला."

"कसले गोळे?"

"पिठाचे. तळलेले. ती साखर घालते आत," म्हातारा खालमानेने म्हणाला. "चार खातो. कधी कधी पाच."

सासूबाईंनी नवऱ्याचा दंड पकडला. मग त्यांचा मूळचा आवाज परत आला, आणि तो दुप्पट होऊन आला. "साखर! नर्सने काय सांगितलंय तुला? पाय कापावा लागेल म्हणाली ना ती? मी इथे तुझा चहा बिनसाखरेचा करते, माझासुद्धा बिनसाखरेचा पिते, आणि तू पाच गोळे! अरे, एखाद्या बाईचा नाद असता, तर दोन दिवस रडून गप्प बसले असते!"

मॅरियनबाई गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. त्या दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी वही मिटली, गळ्यातली दुर्बीण काढली आणि म्हणाल्या, "डेस, सामान भरू या. धनेश काही आपल्या नशिबात नाही."

ते वाक्य पास्कालने ऐकलं. दोन वर्षांची झोपडी, बायकांच्या चटया, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. आणि नेमकं तेव्हाच वरून भस्सभस्स आवाज आला.

वडाला फळं लागली होती. सगळ्यांत वरच्या फांदीवर धनेशाची जोडी उतरत होती. नराचं डोकं तांबूस, मादीचं काळं. खाली कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळं गाव साखरेत अडकलं होतं आणि ओटोला तर काही दिसतच नव्हतं. मॅरियनबाई पाठ फिरवून निघाल्या होत्या. 'ते बघा' म्हणून उपयोग नव्हता, 'मोठं नाक' म्हणणं तर जिवावरचं होतं. पास्कालने डोळे गच्च मिटून घेतले आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा भरला.

"कोकोमो!"

आवाज डोंगरावर जाऊन आपटून परत आला. मॅरियनबाई गर्रकन वळल्या, वर पाहिलं आणि दुर्बीण डोळ्यांना लावली. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "दोन आहेत. डेस, दोन!"

पण गाव त्यांच्याकडे बघत नव्हतं. कारण पास्कालच्या हाकेपाठोपाठ तितक्याच मोठ्याने दुसरा आवाज आला होता.

"ओ!"

सासूबाईंनी ओ दिली होती. थेट जावयाकडे वळून, तोंडाला तोंड देऊन. हात अजून नवऱ्याच्या दंडावर तसाच होता. आपण काय केलं ते कळल्यावर त्यांनी छत्री उघडली आणि भर गावात तिच्याआड तोंड लपवलं.

पहिला बोलला तो सासरा. विषय बदलण्याची एवढी गरज अख्ख्या गावात दुसऱ्या कुणालाच नव्हती. गुडघे झाडून तो उठला. घसा खाकरून म्हणाला, "साखरेचं नंतर बघू. आधी हे गंभीर प्रकरण. जावयाने सासूचं नाव घेतलं. दंड?"

"एक डुक्कर," गाव म्हणालं.

"आणि सासूने जावयाला तोंडावर ओ दिली. दंड?"

असं आजवर कधी घडलंच नव्हतं. म्हातारी माणसं आपापसांत कुजबुजली. शेवटी ओटो भिंतीकडून म्हणाला, "मी काही पाहिलं नाही. पण ऐकलं मात्र स्वच्छ. तेही एक डुक्कर."

त्याच दुपारी पास्कालचं डुक्कर सासूच्या आवारात गेलं आणि सासूचं डुक्कर पास्कालच्या. सासूचं त्याच्यापेक्षा चांगलं दीडपट होतं. याबद्दल पास्कालने चकार शब्द काढला नाही.

मॅरियनबाईंनी जाताना ओटोचा हात हातात घेतला. ऑगस्टमध्ये चौदा माणसं घेऊन येते म्हणाल्या. "फक्त वाटाड्या पास्कालच हवा," त्यांनी बजावलं. "तो पक्ष्याचं नाव आयतं सांगत नाही, आधी आपल्याला शोधायला लावतो. मी तीस वर्षं शिकवलं, पण ही पद्धत मला कधी सुचली नाही." सुजलेल्या तोंडाने ओटोला नाराज दिसता येईना, म्हणून ते तसंच राहून गेलं. डेसला फुलपाखरू दिसलं नाही. वेरोनिकाच्या दारात मात्र त्याने तीन गोळे खाल्ले आणि त्याची काही तक्रार नव्हती.

ऊन उतरल्यावर पास्काल नव्या डुकराला सालं घालत होता. कुंपणापलीकडे सासूबाई पाठ करून बसल्या होत्या, शेजारी त्यांचा कुत्रा.

"कुत्र्या," त्या म्हणाल्या, "मुलं मला आई म्हणतात, नातवंडं आजी म्हणतात, आणि हे 'अगं ए'. माझं नाव इतक्या मोठ्यांदा घेऊन मला कुणी हाक मारली, त्याला चाळीस वर्षं झाली. त्या माणसाला सांग, आवाज बरा आहे त्याचा."

पास्काल साल हातात धरून डुकराकडे वळला. "डुकरा, त्यांना सांग, पुन्हा हाक मारायलाही माझी ना नाही. पण दर वेळी एक डुक्कर जातं."

सासूबाईंनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"कुत्र्या, सांग त्याला. माझ्याकडे अजून चार आहेत."